वरच्या मजल्याचं अपील

मोर्णेच्या पुलावर होते मी. अकोल्याच्या जुन्या शहरात एका म्हाताऱ्या पक्षकाराच्या घरी जाऊन कागदांवर सह्या घ्यायच्या होत्या. पुढे दोन ऑटो एकमेकांत अडकलेले, मागून हॉर्न, आणि पर्समध्ये फोन वाजत होता. अमरावतीहून राऊतकाकूंचा. राऊतकाकू म्हणजे कौसल्याआत्याच्या शेजारीण. दोन्ही घरांच्या मधली भिंत एकच. त्या उगाच फोन करणाऱ्यातल्या नव्हेत, म्हणून स्कूटर कठड्याला लावली आणि फोन घेतला. "सुजाता... सिस्टर गेल्या वं बाई," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "कुठं गेल्या?" खरंच विचारलं. इतकी वर्षं कोर्टात बोलून पोट भरते मी, पण त्या वेळी तोंडातून तेवढंच निघालं. काकू रडत रडत सांगत राहिल्या. दोन दिवस त्या लेकीकडे बडनेऱ्याला होत्या. सकाळी परत आल्या तर आत्याच्या दाराच्या कडीला दुधाच्या दोन पिशव्या, एक कालची आणि एक आजची. हाका मारल्या, दार वाजवलं, मग गल्लीतल्या लोकांनी मागचं दार तोडलं. आत्या न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडलेली होती...

या गोष्टीला दीड महिना झाला. आत्याच्या घरात राहून शिकलेल्या आम्ही सगळ्या एकमेकींना फोन करतो, आणि सगळ्या मला म्हणतात, सुजाता, तू वकील, तुला लिहिता येतं, तूच लिही. त्यांना सगळं माहीत नाही. माहीत असतं तर बहुतेक त्यांनी दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं.

कौसल्या तायडे माझी सख्खी आत्या नव्हती. वलगावात आमच्या घरामागे तिच्या भावाचं घर होतं. त्याची मुलगी रेखा आणि मी एका वर्गात. दहावीनंतर रेखाला ती अमरावतीला शिकायला घेऊन जाणार होती, पण रेखा एकटी जायला तयार होईना, म्हणून सोबत मला घेतलं. रेखा तिला आत्या म्हणायची, मग मीही म्हणू लागले. आणि आमच्यानंतर त्या घरात राहून गेलेल्या सगळ्या मुलींची ती आत्याच झाली. गल्लीला मात्र ती 'सिस्टर' होती. सरकारी दवाखान्यात आयुष्यभर परिचारिका. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेलेला, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावरही पांढरीच लुगडी नेसायची, कारण "इतले पडले हायेत, नेसाले नको का?" राजापेठेच्या मागे, शिकवणीवर्गांच्या पाट्यांनी भरलेल्या एका गल्लीत तिनं घर बांधलं होतं. खाली दोन खोल्या, वर दोन, आणि वर जायला बाहेरून लोखंडी जिना. वरचा मजला मुलींचा.

आत्या गोड नव्हती. हे लिहिलं पाहिजे, कारण शोकसभेत एकानं तिला वात्सल्यमूर्ती म्हटलं आणि मला रडता रडता हसू आलं. ती पहाटे पाचला जिन्याच्या कठड्यावर चमच्यानं ठणठण करून आम्हाला उठवायची. नखं तपासायची. केसांत ऊ सापडली तर दवाखान्यात जखम धुवावी तितक्या गंभीरपणे डोकं धुवून द्यायची, आणि आपलं रडणं तिच्या कानांपर्यंत पोचायचंच नाही. अकरावीत मी गणितात नापास झाले. तिनं निकालाचा कागद पाहिला, घडी करून माझ्या हातात ठेवला. "रडून काहून राह्यली? गणितानं तुले मारलं का? जाय, तोंड धू अन् बस." मी गणितं सोडवायला बसले, तर समोर खुर्ची टाकून ती स्वेटर विणत बसली. एक अक्षर बोलली नाही. पुढची परीक्षा होईपर्यंत रोज संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर ती तशी बसायची... आणि तिला गणितातलं काहीच कळत नव्हतं, हे मला खूप नंतर समजलं.

तिनं कधी कोणाकडून एक रुपया घेतला नाही. माझ्या बाबांनी पहिल्यांदा पाकीट पुढे केलं तर तिनं ते उचलून त्यांच्याच खिशात कोंबलं. "घरची तूर झाली का? मंग डाळ आणजा." तेव्हापासून दरवर्षी आमच्याकडून डाळ जायची, कुणाकडून ज्वारी, कुणाकडून मिरच्या. ज्यांच्याकडे काहीच नसायचं त्यांच्याकडून काहीच नाही. एक मोठं पातेलं होतं आणि ते सगळ्यांचं होतं.

ती हे का करते ते तिनं एकदाच सांगितलं. मी वकिलीची परीक्षा पास होऊन तिच्या पाया पडायला गेले होते. नुकतंच माझं लग्न अकोल्याला ठरलं होतं. अकोल्याचं नाव काढल्यावर ती म्हणाली, ते गाव मी पायानं मोजलंय. नर्सिंगच्या प्रशिक्षणाला ती अकोल्यात होती, पहिले काही महिने वसतिगृहात जागा नव्हती, म्हणून खोली शोधत जुन्या शहरातल्या गल्ल्यांतून फिरायची. "खोली पसंत पडे. घरवाली बाई चांगली बोले, च्याबी पाजे. मंग आडनाव पुसे. अन् मंग आतून कोणीतरी म्हने, अवं, ते खोली तं कालच गेली." हे सांगताना ती हसत होती. शेवटी दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या एका बाईच्या एका खोलीच्या घरात ती राहिली, त्या बाईच्या चार लेकरांसोबत. "तव्हाच ठरवलं, घर बांधीन तं वर मजला बांधीन. अन् तो भाड्यानं देनार नाई. आडनाव पुसाचं कामच नाई पडलं पाह्यजे."

म्हणून निवृत्तीनंतर आलेला घरपट्टीचा तो कागद तिला इतका लागला. शहरातल्या घरांची नव्यानं मोजणी झाली होती. महापालिकेची दोन माणसं फीत घेऊन आली, फोटो काढले, आत्यानं त्यांना चहा पाजला. काही महिन्यांनी घरपट्टीची नोटीस आली. त्यात तिचा वरचा मजला 'भाडेतत्त्वावर, वसतिगृह' असा लिहिला होता. घरगुती दर जाऊन धंद्याचा दर लागला होता, आणि ती घरपट्टी पेन्शनीतून भरायची तर औषधं थांबवावी लागली असती. पण फोनवर तिनं त्यातलं काही सांगितलं नाही. "सुजे, सवड हाय का तुले? मले एक कागद आला. त्यात लिवलं का मी पोरींचं भाडं खाते." आवाज इतका बारीक, की आधी मला तो तिचा वाटलाच नाही.

मी मुदतीत हरकत घेतली. सुनावणीला आत्या इस्त्रीचं लुगडं नेसून, रेशनकार्डापासून पेन्शनच्या पुस्तकापर्यंत सगळं पिशवीत घालून आली. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यानं मोजणीचे फोटो पुढे ठेवले. वर आठ खाटा, भिंतीवर पाण्याच्या पाळीचा तक्ता, वेगळा जिना. "मॅडम, याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा." मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, "घर म्हना." तो जरा ओशाळला, पण फुकट ठेवता याचा पुरावा द्या म्हणाला. न घेतलेल्या भाड्याची पावती कुठून आणायची? हरकत फेटाळली गेली.

मग कोर्टात अपील. मागणीची रक्कम आधी भरल्याशिवाय अपील ऐकत नाहीत. आत्यानं बँकेतली ठेव मोडली आणि भरली. मी जुन्या मुलींची प्रतिज्ञापत्रं गोळा करायला लागले. बहुतेकींनी आनंदानं दिली. एक मात्र, आता चांगल्या हुद्द्यावर आहे, ती म्हणाली, ताई, मी कोणाच्या घरी फुकट राहून शिकले हे माझ्या सासरी माहीत नाही. मी चिडले. आत्या म्हणाली, "राहू दे. तिले नको छळू. तिचं घर हाय, आपल्या घरासाठी तिचं काहून मोडाचं?" दुसऱ्या एकीनं प्रतिज्ञापत्रात भाबडेपणानं लिहिलं, की आम्ही घरून ज्वारी द्यायचो. समोरच्या वकिलानं नेमकं तेच उचललं. धान्य घेतलं म्हणजे भाडंच घेतलं, पैशाऐवजी मालात. त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात उभी असताना मी पहिल्यांदा घाबरले. ज्यांची ज्वारी, ज्यांची डाळ, त्या सगळ्यांना पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी होईल, माझ्या म्हाताऱ्या बाबांचीसुद्धा, असं डोळ्यांसमोर आलं. आणि तेवढ्यात कोर्टानं आदेश दिला की एका वकिलाला कमिशनर नेमून जागेची पाहणी करावी आणि वरचा मजला कसा वापरात आहे याचा अहवाल द्यावा.

त्याच संध्याकाळी मी आत्याकडे गेले. वर तेव्हा पाच मुली राहत होत्या. त्यातली प्रणाली दर्यापूरकडची, बाप गवंडीकाम करायचा. तिला नर्स व्हायचं होतं, म्हणून आत्याचा तिच्यावर जीव. रक्तदाब मोजायला तिला आत्यानंच शिकवलं होतं आणि प्रणाली रोज तिचाच दंड धरून सराव करायची. आत्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी म्हटलं, "आत्या, पाहनी होईस्तोर पोरींले दुसरीकडं राहू दे. खाटा वलगावले पाठवू."

"काहून?"

"कमिशनरले खाटा दिसल्या तं तो खाटाच लिहीन. तुहं म्हननं कोनी लिहिनार नाई."

"पन पोरी राह्यतेत ना वर. लपवाचं काहून? आपन का चोरी केली का?"

"चोरी नाई केली. पन केस जिंकाची हाय ना?"

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. दवाखान्यात मोठमोठ्या डॉक्टरांशी भांडलेली बाई ती. चुकीची गोळी लिहिली तर तोंडावर सांगायची. मला वाटलं, आता माझीही खरडपट्टी निघणार. पण ती म्हणाली, "तू वकील हायस. तुले समजते." आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. तिनं माझ्याशी भांडायला हवं होतं... ती भांडली असती तर मी ऐकलं असतं, असं आता वाटतं. तेव्हा ऐकलं असतं की नाही, कोण जाणे.

पंधरा दिवसांचा प्रश्न आहे असं सांगून मुली बाहेर पडल्या. दोघी नातेवाइकांकडे, दोघी भाड्याच्या खोलीत, प्रणाली एका मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर. पण पाहणीची तारीख एकदा पुढे गेली, मग आणखी एकदा. पंधरा दिवसांचे तीन महिने झाले. मैत्रिणीचा घरमालक प्रणालीला राहू देईना. आत्यानं फोन करून मला विचारलं, हिला खाली माझ्याजवळ झोपू देऊ का? मी म्हटलं, नको, गल्लीत मोजणीवाल्यांची माणसं फिरतात, एकदा दिसली की संपलं. प्रणाली गावी परत गेली. शिकवणी सुटली.

पाहणीच्या दिवशी वरच्या खोल्या धुवून पुसून स्वच्छ होत्या. आमच्या चपलांचे आवाज घुमत होते. भिंतीवर खाटांवर बसून डोकी टेकून टेकून पडलेले काळपट डाग होते, त्यावर आत्यानं चुना मारला होता. कमिशनरनं कागदावर नकाशा काढला आणि सहज विचारलं, "बाई, वर कोणी राहतं का?" आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. "नाई," ती म्हणाली. "आता कोनी राह्यत नाई." त्या क्षणी ते अक्षरशः खरं होतं. अहवालात आलं : वरचा मजला रिकामा आढळला. काही महिन्यांनी निकाल लागला, आकारणी रद्द, घर पूर्ण निवासी. एवढ्या वर्षांत मी जिंकलेल्या केसेसमध्ये इतका स्वच्छ निकाल दुसरा नाही.

निकालाची बातमी मी फोनवर सांगितली. "बरं झालं," आत्या म्हणाली. मग लगेच, "मंग पोरींले बोलावू ना आता?" आणि मी, वकील, म्हणाले की इतक्यात नको. समोरचे वरच्या कोर्टात जाऊ शकतात, पुन्हा मोजणी होऊ शकते, रिकामं म्हणून जिंकलो आणि लगेच पोरी दिसल्या तर तू खोटी ठरशील. वर्षभर थांब. ती थांबली. मी सांगितलं म्हणून थांबली. त्या वर्षात प्रणालीचं लग्न झालं. आत्या दर्यापूरच्या एसटीनं लग्नाला जाऊन आली. कसं झालं लग्न, मी विचारलं. "जेवन चांगलं होतं," ती म्हणाली.

आज मी सांगू शकते की त्या प्रतिज्ञापत्रांवरही केस जिंकता आली असती. कदाचित नसतीही आली. हरलो असतो तर आम्ही चाळीस-पन्नास जणी होतो, दरवर्षी मिळून घरपट्टी भरली असती, आणि मुली वर राहिल्या असत्या. हा हिशेब कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात नसतो. पण आत्याच्या घरात वाढलेल्या मुलीला तो सुचायला हवा होता.

शेवटची भेट तिच्या जाण्याच्या दोन महिने आधीची. अमरावतीच्या कोर्टात काम होतं, दुपारी तिच्याकडे गेले. ती वाळली होती. बोलत मात्र होती मोठमोठ्यानं, वरच्या मजल्यावर ऐकू जावं तसं, आयुष्यभराची सवय. भाकरी आणि मुगाची डाळ, दोघींपुरती. तिला इतका कमी स्वयंपाक करताना मी कधी पाहिलं नव्हतं. डाळीत मीठ जास्त पडलं होतं, हाताला अजून मोठ्या पातेल्याचंच माप. मी म्हटलं, "आत्या, चाल माह्यासंग अकोल्याले. माह्या घरी राह्य." ती हसली. "अकोल्यात मले कोनी खोली देत नाई बाप्पा." निघताना ती फाटकापर्यंत आली. माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी सहज, "वर्ष झालं का वं सुजे?"

"दोन महिने राह्यले, आत्या."

तिनं मान डोलावली.

डॉक्टर म्हणाले, पडल्यावर त्या लगेच गेल्या नसाव्यात. बराच वेळ होत्या. त्यांनी ते हळूच सांगितलं आणि मीही पुढे विचारलं नाही. त्या लोखंडी जिन्यावरून दिवसभर कोणी ना कोणी चढत-उतरत असायचं. पाच मुली असत्या तर आत्याला पंधरा मिनिटंसुद्धा तिथं पडून राहावं लागलं नसतं. हे मला अजून कोणी म्हटलेलं नाही. रेखा म्हणाली नाही, राऊतकाकू म्हणाल्या नाहीत. प्रणाली अंत्यविधीला आली होती, पोटात बाळ घेऊन. तिनं माझे पाय धरले, ताई म्हणून गळ्यात पडून रडली. तीही काही म्हणाली नाही. म्हणून मीच इथं लिहिते.

गेल्या आठवड्यात पुन्हा अमरावतीला गेले. घर आता रेखाचा भाऊ अविनाश याच्या नावावर चढवायचं आहे आणि ते कागद मीच करते आहे. अविनाश भला मुलगा आहे, त्याला कर्ज नाही की व्यसन नाही, पण तो नागपुरात राहतो आणि घर बंद ठेवणं त्याला परवडत नाही. वरचा मजला त्यानं एका शिकवणीवर्गाला भाड्यानं द्यायचं ठरवलंय. घरपट्टीचा अर्ज भरताना तो म्हणाला, "ताई, निवासीच राहू द्या ना. तुम्हीच तर केस जिंकून दिलीय."

"भाड्यानं देतोस ना? मग भाड्यानं दिलं असं लिही."

"टॅक्स वाढेल पण."

"वाढेल," मी म्हटलं.

सह्या झाल्यावर तो गेला. किल्ली राऊतकाकूंकडे द्यायची होती. काकू म्हणाल्या, वर एकदा पाहून घे बाई, तुमच्या पोरींचं काही राहिलं असेल तर. मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून त्यांनी सांगितलं ते मला माहीत नव्हतं. मुली गेल्या तरी आत्या रोज संध्याकाळी वर चढायची. गुडघे दुखत, कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत, हातात पाण्याची कळशी. वरच्या खोलीतला माठ भरायची, दिवा लावायची आणि खाली यायची. सकाळी तेच पाणी कढीपत्त्याला घालायची आणि संध्याकाळी पुन्हा नवं. "म्या म्हटलं, सिस्टर, कोन पेनार हाय वर? तं म्हने, क्लासहून येतेत तं तहानेल्या राह्यतेत पोरी." काकूंनी जिन्यावर वर पाहिलं. "असंच म्हने. राह्यतेत. जशा वरच होत्या."

मी एकटीच वर गेले. खोलीत चुन्याचा वास होता. खिडकीखाली तिवईवर माठ, वर ताटली, ताटलीवर पालथा पेला. ताटली उचलून पाहिलं. माठ कोरडा होता; आतून, पाणी जिथपर्यंत असायचं तिथपर्यंत एक पांढरी कड धरलेली. अगदी गळ्यापर्यंत. ती अर्धवट भरत नव्हती... खाली कुठल्यातरी वर्गाची सुट्टी झाली. गल्ली मुलींनी भरून गेली, पाठीवर दप्तरं, हातात सायकली, सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या. मी खिडकीत उभी राहिले. त्यातल्या एकीला बाटली उलटी करून शेवटचे थेंब तोंडात ओतताना पाहिलं. मग ती मैत्रिणीमागे पळत कोपऱ्यावरून वळली.